आईच्या हृदयाभोवतीचं पाणी

आमच्या घरात कोणाच्याही शब्दावर लगेच विश्वास ठेवायची पद्धत नाही. भाजीवाला म्हणाला मेथी आजची आहे, की आई जुडी उलटी करून देठ बघते. नातेवाइकाने फोनवर "सगळं छान चाललंय" म्हटलं, की फोन ठेवल्यावर ती म्हणते, "काहीतरी लपवतोय." मी तिचीच मुलगी. त्यात नोकरीही तशीच मिळाली. बरखेड्याच्या मोठ्या सरकारी कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. ओतलेल्या लोखंडाच्या पोटात बाहेरून न दिसणारी चीर आहे का, ते यंत्र लावून शोधायचं, हे माझं काम. वडीलही त्याच कारखान्यात होते. नोकरी लागली म्हणून अमरावतीहून भोपाळला आले आणि इथलेच झाले. ते गेल्यावर क्वार्टर सोडून आम्ही दोघी साकेत नगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. लग्न मी केलं नाही. का, ते विचारणाऱ्यांच्या हेतूवरही मला संशय येतो, म्हणून ते राहू दे.

तर आईला ताप यायला लागला. रोज संध्याकाळी चढायचा, आणि सकाळी पाहावं तर घामाने पोलकं ओलंचिंब. कंबर धरलेली, तोंडाला चव नाही. कॉलनीतल्या डॉक्टरांनी आधी व्हायरल म्हटलं, मग टायफॉइड म्हटलं, मग "उमर है" म्हटलं. आई मला म्हणाली, "ह्याला काही कळत नाहीये, पण कळत नाही म्हणायची लाज वाटते." मग एक दिवस ती बाजारातून येताना जिन्यातच बसली. छातीवर कोणीतरी पाटा ठेवलाय असं वाटतंय, म्हणाली. माझी आई दुखणं वाढवून सांगणाऱ्यांपैकी नाही. मी घाबरले.

एका खासगी दवाखान्यात तपासणी झाली. हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते, तिच्यात पाणी साठलं होतं. ते सुईने काढलं, तपासायला पाठवलं आणि रिपोर्ट यायच्या आधीच डॉक्टरांनी निदान सांगून टाकलं. "देखिए, अपने यहाँ दिल में पानी का मतलब टीबी. सौ में से ज़्यादातर तो वही निकलता है." रिपोर्टमध्ये टीबीचा जंतू सापडला नाही. तरी ते म्हणाले, नाही सापडला म्हणजे नाहीच असं नाही. वाक्य बरोबर होतं. पण कारखान्यात यंत्राला चीर दिसली नाही तर आम्ही तुकडा फिरवून पुन्हा बघतो. चीर आहेच असं धरून तुकडा फेकून देत नाही. हे मी त्यांना म्हटलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

पंचाईत अशी झाली, की त्या गोळ्यांनी आईला बरं वाटलं. ताप उतरला, ती स्वयंपाकघरात उभी राहायला लागली. लघवी लाल होते म्हणून मूत्रपिंडं गेली असा तिचा समज झाला होता, तोही डॉक्टरांनी औषधाचा रंग आहे असं सांगून काढला. मलाही वाटलं, चला, आपला संशय खोटा ठरला तर ठरला. पण सोबतची स्टेरॉइडची गोळी कमी करत आणली तशी दुखण्याने पुन्हा डोकं वर काढलं. पाय सुजले. मानेची शीर टरारून दिसायला लागली. मी तिला रिक्षात घातलं आणि आमच्या घराजवळच्या मोठ्या शिकवणाऱ्या हॉस्पिटलात आणलं.

तिथे सर्जननी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. पिशवीत पुन्हा पाणी आहे आणि आता पिशवीही जाड व्हायला लागली आहे. ती अशीच कडक होत गेली तर हृदयाला फुगायला जागा राहणार नाही. मग छाती उघडून ती सोलून काढावी लागेल. आईचं वय, आईची साखर. मी विचारलं, "टेबलावरून परत येईल का?" ते म्हणाले, आधी नक्की कशामुळे झालंय ते कळलं आणि औषध लागू पडलं, तर कदाचित कापावंच लागणार नाही. हातात वेळ मात्र थोडा आहे.

पुन्हा पाणी काढलं. लॅबमध्ये त्यातून जंतू वाढवून बघायचा प्रयत्न झाला. काहीच वाढलं नाही. तेव्हा जंतुशास्त्र विभागातल्या एक डॉक्टर वॉर्डात आल्या. वयाने लहान, केस घट्ट बांधलेले, बोलणं सागर जिल्ह्याकडचं. त्या म्हणाल्या, आता जंतू वाढायची वाट बघत बसण्यापेक्षा त्याचा जीनच वाचूया. प्रत्येक जंतूत एक जीन असा असतो की त्याचा काही भाग सगळ्यांमध्ये सारखा आणि काही भाग ज्याचा त्याचा वेगळा. पाण्यात तो शोधायचा, त्याच्या पुष्कळ प्रती करायच्या, अक्षरं वाचायची आणि जगातल्या माहीत असलेल्या जंतूंशी ताडून बघायची. जंतू औषधाने मेलेला असला तरी नाव सापडू शकतं.

"मेलेल्याचंही?" मी विचारलं.

"हाँ दीदी, मरे हुए का भी."

"मग सुईवरच्या घाणीचंही सापडेल. बाटलीतल्या पाण्यातल्याचंही."

त्यांनी विचारलं, "आप काम क्या करती हैं?" मी सांगितलं. "तभी," त्या हसून म्हणाल्या, "हमारा भी सबसे बड़ा सिरदर्द यही है." आपलं यंत्र कुठे खोटं बोलू शकतं हे स्वतःहून कबूल करणारी माणसं मला आयुष्यात फार थोडी भेटली आहेत. त्यांच्यावर माझा थोडा विश्वास बसला. थोडाच.

कारण पाणी काढलं त्या सकाळी मी आणखी एक गोष्ट पाहिली होती. आईच्या शेजारच्या खाटेवर सीहोरकडच्या एका खेड्यातली बाई होती. तिलाही ताप, तिच्याही हृदयाभोवती पाणी. तिच्या घरी म्हशी होत्या आणि तिचा नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला म्हशींचीच हकीकत सांगायचा. तिचं पाणीही आईच्याच दिवशी, त्याच खोलीत काढलं गेलं. दोघींच्या बाटल्या एकाच ट्रेमध्ये खेटून ठेवलेल्या मी दारातून पाहिल्या. तेव्हा बोलले नाही. मनात मात्र नोंद झाली.

काही दिवसांनी डॉक्टर रिपोर्ट घेऊन आल्या. जंतूचं नाव ब्रुसेला. गाई-म्हशी, शेळ्या यांचा जंतू. त्यांच्या कच्च्या दुधातून, नाहीतर विताना बाहेर पडणाऱ्या पाण्यातून माणसाला होतो. हृदयाभोवती क्वचितच जातो, पण जातो. टीबीच्या गोळ्यांपैकी एक ह्यालाही थोडी लागू पडते, म्हणूनच आधी बरं वाटलं आणि मग उलटलं. आता औषध बदलायला हवं. त्यांनी आईला विचारलं, "आंटी, कच्चा दूध पीती हैं?"

आईने अशी नजर टाकली की बिचाऱ्या डॉक्टर अर्धा पाऊल मागे सरकल्या. आमच्या घरी दूध एकदा नाही, दोनदा वर येतं. आई गॅससमोरून हलत नाही. पिशवीचं दूध तिने कधी दारात येऊ दिलं नाही. बरखेड्यात असल्यापासूनचा गवळी साकेत नगरलाही दूध घालतो, आणि ते दूध तापल्याशिवाय मांजरालाही मिळत नाही. "कच्चं दूध? माझ्या घरात?" ती मराठीतच म्हणाली. हिंदीत तेवढा राग मावला नसता. मीही छातीठोकपणे सांगितलं, की हे अशक्य आहे.

डॉक्टर गेल्यावर आई माझ्या कानाशी आली. "पोरी, हा त्या शेजारचीचा रिपोर्ट आहे."

मी म्हटलं, "बाटल्या एकाच ट्रेमध्ये होत्या. मी पाहिल्यात."

झालं. दोघींचं एकमत व्हायची वेळ वर्षातून एखाद्या वेळी येते, ती नेमकी तेव्हा आली. त्यात डॉक्टरांनीच सांगितलं होतं, की ब्रुसेलाचा एक अगदी जवळचा भाऊबंद मातीत आणि पाण्यात राहतो, निरुपद्रवी असतो आणि दोघांची अक्षरं जवळजवळ सारखी येतात. म्हणजे बाटलीच बदलली असेल, नाहीतर पाण्यातली घाण असेल. तिसरी शक्यता, रिपोर्ट खरा असण्याची, आम्ही विचारातच घेतली नाही. नर्स नव्या गोळ्या घेऊन आली तेव्हा आईने ओठ मिटून घेतले. "दुसरी का दवाई मैं नहीं खाती," म्हणाली. नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी आईला घे म्हटलं नाही.

मी डॉक्टरांकडे गेले आणि सरळ सांगितलं, मला ह्या रिपोर्टवर भरवसा नाही. वाटलं, चिडतील. त्या म्हणाल्या, "होना भी नहीं चाहिए, एक टेस्ट पर." त्यांना स्वतःलाच खात्री करून घ्यायची होती आणि घाईही होती. हा जंतू लॅबमध्ये वाढवताना तिथल्या माणसांच्या श्वासातून त्यांनाही होऊ शकतो. आईच्या पाण्यातला जंतू वाढवायला ठेवलेल्या बश्या तिथे उघडून बघणारे त्यांचेच सहकारी होते. त्यांनी रक्ताची वेगळी तपासणी करायचं ठरवलं, जिच्यात शरीराने त्या जंतूशी लढायला काही तयार केलंय का ते कळतं. रक्त माझ्यासमोर काढलं. नळीवर नाव माझ्यासमोर चिकटवलं. आणि ती नळी घेऊन जाणाऱ्या माणसाच्या मागोमाग मी लॅबच्या खिडकीपर्यंत चालत गेले. "मैडम, कोई चुरा नहीं रहा," तो म्हणाला. मी म्हटलं, "पता है." पण हटले नाही. शेजारच्या बाईचंही रक्त तपासायला घेतलं.

आईचं पॉझिटिव्ह आलं, जोरात आलं. शेजारच्या बाईचं काहीच आलं नाही. तिचा आजार दुसराच होता.

मला हायसं वाटायला हवं होतं. आजार सापडला, औषध आहे, कापाकापी टळण्याची आशा आहे. पण मला राग आला. कोणावर, ते कळेना. बाटल्या बदलल्या असत्या तर दोष बाहेरचा होता. आता चीर आमच्याच तुकड्यात होती आणि मला ती दिसत नव्हती.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "रक्तही खोटं असेल."

"मी स्वतः घेऊन गेले गं."

"मग आलं कुठून? ते सांगा, मग घेते. उगाच कोणी म्हणेल आणि मी मान डोलवू? उद्या कॉलनीत सांगतील, ह्यांच्याकडे दूध तापवत नाहीत."

"तुला जीव प्यारा आहे का दूध?" मी ओरडले. वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. आईने भिंतीकडे तोंड केलं. मी बाहेर येऊन पाण्याच्या टाकीशेजारी उभी राहून रडले. मरताना ती माझ्या हातून निसटेल, असं मला नेहमी वाटायचं. पण ती अशी हट्टाने निसटेल आणि मला तिचा राग येत असताना निसटेल, हे सहन होत नव्हतं. तिच्या पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहत होता. सर्जन रोज येऊन विचारून जायचे, "दवा शुरू हुई?"

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर आल्या त्या हातात काही न घेता. स्टूल ओढून आईजवळ बसल्या. गोळीचं नाव काढलं नाही. "आंटी, मेरी सास कहती हैं मुझे दूध उबालना भी नहीं आता. आप सिखाओ. भैया ने दरवाज़े पर दूध दिया, फिर?"

मला वाटलं, ही बाई आईला फसवतेय. आईलाही वाटलं असणार. पण शिकवा म्हटल्यावर गप्प बसणं आईला जमत नाही. तिने सुरुवात केली. भांडं आधी पाण्याने विसळायचं म्हणजे दूध खाली लागत नाही. पहिल्यांदा वर आलं की गॅस बारीक. पळी आत ठेवायची. मग सायीचं सांगितलं, विरजणाचं सांगितलं. डॉक्टर मधूनच विचारायच्या, "और मिठाई?" आईचा चेहरा खुलत गेला. इतक्या आठवड्यांत मी तो तसा पाहिला नव्हता. श्वास पुरत नव्हता, तरी थांबून थांबून ती सांगत राहिली. श्रीखंड झालं, बासुंदी झाली, आणि मग खरवस.

"वो क्या होता है?"

"गाय विते ना बेटा, उसका पहला दूध. चीक. तुम्हारी खीस."

आमचा गवळी दरवेळी गाय व्यायली की आईला चीक आणून द्यायचा. ह्या भागात बाकी कोणाला त्याचं एवढं कौतुक नव्हतं. चीक विकायचा नसतो, द्यायचा असतो, हे त्यालाही माहीत होतं आणि आईलाही. ती त्याचं भांडं कधी रिकामं परत करत नसे, तळाला साखर घालून द्यायची. मग गूळ-वेलची घालून खरवस वाफवायची आणि कॉलनीतल्या यच्चयावत मराठी घरांत वड्या जायच्या. ह्या वर्षीही गेल्या होत्या, ताप सुरू व्हायच्या थोडं आधी.

"पण त्यात एक खुबी है," आई डॉक्टरांना सांगत होती. "पहिल्या दिन का चीक गाढ़ा होता है. उसमें दूध ज़्यादा डालना. तिसऱ्या दिन का पतला. उसमें ज़्यादा डाला तो खरवस जमता नहीं, पाणी पाणी होता है. और ये भैया लोग! हर बार बोलेगा, अम्मा पहले दिन का है. वो तो बोलेगाच. अपन मान लेना क्या?"

"तो आप कैसे पहचानती हैं?"

"ऐसे."

आणि आईने न दिसणाऱ्या भांड्यात बोट बुडवलं, अंगठ्याने चोळून चिकटपणा पाहिला, बोट जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. जीभ टाळूला लावून तिने चव घेतली. हे मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून बघत आले आहे. इतक्या वेळा पाहिलंय, की ते मला दिसणंच बंद झालं होतं.

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

आईने डोळे उघडले. आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोट अजून ओठाशी होतं. "एवढंसं?" ती म्हणाली. "थेंबभर?"

डॉक्टर म्हणाल्या, आजारी गाय व्यायली की पहिल्या चिकात हे जंतू भरपूर असतात आणि थेंबही पुरे होतो. मग आईने विचारलं ते स्वतःबद्दल नव्हतं. "सगळ्यांना वाटलाय मी तो. खालच्या मजल्यावरच्या सुनेला दिवस गेलेत. तिलाही दिला."

"पकाया था ना आंटी? भाप में? तो उन्हें कुछ नहीं होगा. पकने पर मर जाता है."

"म्हणजे कोणालाच नाही?"

"किसी को नहीं."

"फक्त मी चाखला म्हणून मलाच," आई म्हणाली आणि रडायला लागली. वडील गेले तेव्हासुद्धा ती माझ्यासमोर रडली नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. खरं सांगते, मला त्या वेळी हसूही येत होतं. ज्यांनी डोळे झाकून विश्वास ठेवला ते सगळे ठणठणीत, आणि जिने खात्री करून घेतली ती खाटेवर. संध्याकाळी तिने गोळ्या घेतल्या. ऑपरेशन टळलं हे पक्कं व्हायला पुढे बरेच महिने गेले. पण पायांची सूज त्याच आठवड्यात ओसरायला लागली, आणि सर्जननी रोज विचारायचं बंद केलं.

अंगात थोडा जीव आला तशी आई मूळ स्वभावावर आली. आता तिला गुन्हेगार हवा होता. "त्याच्या गाईला रोग होता आणि तो चीक त्याने मला आणून दिला. त्याला ठाऊक असणार. जा तू, विचार त्याला. गोड बोलू नकोस." गोड बोलायचा माझाही विचार नव्हता. बरेच दिवस तो स्वतः न येता भावाला पाठवत होता. ह्याचाही अर्थ मी लावून ठेवला होता. खाई त्याला खवखवे.

बरखेड्याच्या मागे, कारखान्याच्या भिंतीपलीकडे त्याचा गोठा. वाटेत मी वाक्यं जुळवत गेले, चांगली धारदार. जाऊन बघते तर गवळी उन्हात खाटेवर रग पांघरून पडलेला. गालफडं आत गेलेली. त्याची बायको म्हणाली, "कब से ऐसे ही हैं दीदी. शाम को बुखार, फिर पसीना. कमर पकड़ के बैठते हैं. देवर लोग कहते हैं कामचोरी है. कोई मानता ही नहीं."

जुळवलेली वाक्यं मी सोडून दिली. मी त्याच्या खाटेच्या कडेला बसले आणि आईला काय झालं ते सांगितलं. त्यालाही तेच असू शकतं, औषध आहे, तपासून घ्यायला हवं, डॉक्टरांनी बोलावलंय, असं सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याचे डोळे मला ओळखीचे वाटले. आमच्या घरच्या आरशात असतात तसे.

"आज बुला रहे हो," तो म्हणाला, "कल बोलोगे गाय बीमार है. परसों ले जाओगे."

"कोई नहीं ले जाएगा."

"दीदी, मैंने तो खीस अम्मा को यूँ ही दी थी. एक पैसा नहीं लिया. और आप घर पर आके बोल रही हो कि मेरी चीज़ से बीमार पड़ीं."

मी पुन्हा समजावलं. त्याने मान वळवली. दुसऱ्यावर विश्वास का ठेवू नये, ह्याची कारणं मला जन्मभर भराभर सुचत आली. माझ्यावर कोणी विश्वास ठेवावा म्हणून काय बोलायचं असतं, ते मला येतच नव्हतं. शेवटी मी आईला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्याच्या उशाशी ठेवला. परिस्थिती तिला दोन वाक्यांत सांगितली. मला भीती होती की ती भांडेल.

पलीकडून आई म्हणाली, "भैया, अस्पताल आ जाओ."

"अम्मा, मैंने गलत चीज़ नहीं दी थी."

"मालूम है. पकाके सबने खाई, किसी को कुछ नहीं हुआ. मैंने कच्ची चखी. उसी से हुआ."

"वो तो आप हर बार चखती हो. मेरे सामने ही तो चखती हो."

आईने विचारलं, "बुरा लगता था?"

"लगता था."

गोठ्यात एक गाय दावं ओढत होती. तो कोपरावर उठून बसला आणि फोनजवळ तोंड नेऊन म्हणाला, "वो पहले दिन की ही थी, अम्मा."

पलीकडे खाटेची कुरकुर ऐकू आली, आई उठून बसली असणार.

"हाँ," ती म्हणाली. "पहले दिन की ही थी. हर बार पहले दिन की ही थी. मैं ही कभी बोली नहीं."

त्याने रगाच्या टोकाने डोळे पुसले. मग बायकोला म्हणाला, सदरा दे.